आठपैकी

मार्चचा शेवटचा आठवडा, दांडेकर पुलाजवळची शाळा,
दुसऱ्या मजल्यावर आम्ही सातजणी आणि एक पंखा,
फिरतो, पण कुणासाठी ते सांगत नाही.
गठ्ठा सोडला. सुतळी गुंडाळून पर्समध्ये टाकली,
धायरीच्या घरी असली पंधरा वर्षांची सुतळी साठलीय.

आरसा नसता तर.
गुण आठ. कल्पना दोन, मांडणी दोन, भाषा दोन,
शुद्धलेखन दोन. आणि खाली बारीक अक्षरात
‘इतर योग्य मुद्दे ग्राह्य धरावेत.’

पहिली बावीस पोरं एकाच गाइडातून चालत आलीत.
‘बाप रे! आरसा नसता तर?’
उद्गारचिन्हसुद्धा सगळ्यांचं सारखंच उभं.
मग लोक पाण्यात बघतात, मग न्हावी उपाशी मरतो,
मग शेवटी, खरा आरसा आपले मन.
साडेपाच. साडेपाच. पाच. साडेपाच.
एकाने न्हाव्याऐवजी रिक्षावाला घेतला,
मागचं कसं दिसणार त्याला? सहा दिले.
‘तो तसाही कुठे बघतो,’ देवस्थळी बाई म्हणाल्या
आणि सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

तेविसावी.
नाव नाही, बारकोड. डावीकडे कलणारं अक्षर.
मी आधी चुका बघते. सव्वीस वर्षांत हात तसा वळलाय,
डोळा पोचायच्या आत पेन पोचतं.
दीसते. दीसत. दीसली.
गोल, गोल, गोल.
अकरा लाल गोल झाल्यावर
वाचलं.

‘आमच्या घरी आरसा नाही म्हणून मला कल्पना करावी लागत नाही.
आईचा चेहरा भाजला तेव्हा मावशीने आरसा नेला
तो परत आणला नाही.
आई माझी वेणी घालते मी आईची.
भांग सरळ दीसतो का ते मी तिला सांगते, ती मला.
मी खरे सांगते. ती पण सांगत असेल.
शाळेत बेसीनवर आरसा आहे त्यात मी दीसते
पण घाईत.’

एवढंच. शब्दमर्यादा निम्मीसुद्धा नाही. समारोप नाही.
बाप रे नाही.

सात लिहिले.
मग ते गोल दिसले, माझेच.
गुण खोडला तर शेजारी सही करता येते.
गोल खोडायची सोय नाही.

मीच निमोणकरला हाक मारली. नियामक ती,
बी.एड.ला एका बाकावर होतो,
आता तिच्याकडे हिरवं पेन आहे.
एकदा वाचलं. मग चष्मा काढून एकदा.
‘निबंध कल्पनाप्रधान आहे गं. कल्पना कुठाय यात?
आणि शुद्धलेखनाचे दोन तर तूच घालवलेस.’
मी म्हटलं, इतर योग्य मुद्दे.
‘वर विचारलं तर काय सांगू?
खरं होतं म्हणून दिले?’
पाच केले. थांबली. साडेपाच केले.
तो अर्धा बहुतेक माझ्यासाठी.
म्हणजे न्हावी उपाशी मारणाऱ्यांइतकेच.

मी भांडले नाही. हेही लिहून ठेवते.

हात धुवायला गेले. बेसिनवर चार खिळे
आणि भिंतीवर एक फिकट चौकोन,
पोरं फोडतात म्हणून शिपायाने काढून ठेवलाय.
परत येऊन निमोणकरला विचारलं,
माझी टिकली सरळ आहे का गं?
तिने हिरव्या पेनाला टोपण लावलं,
बघितलं, चांगलं थांबून बघितलं.
‘थोडी डावीकडे,’ म्हणाली. ‘अजून. हां.
आणि झोपत नाहीस का रात्री?’

चोविसावी उघडली.
बाप रे!